सतरा नंबर, हजर

आमच्या शाळेचा रॅम्प एकदा येऊन बघाच. शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागायचं, एका फाट्यावर आत वळायचं, दोन ओढे आणि एक पोल्ट्री ओलांडली की डाव्या हाताला पिवळ्या भिंतींची शाळा. दोन खोल्या, एक ऑफिस, मागे स्वयंपाकाची शेड. रॅम्पला दोन्ही बाजूंनी स्टीलचे कठडे, आणि पायथ्याशी निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र. इतकी देखणी वस्तू आमच्या गावात दुसरी नाही. नवरा-नवरी फोटो काढायला तिथे येतात.

फक्त तो रॅम्प वर्गात जात नाही. तो ऑफिसात जातो. वर्गाला तीन पायऱ्या आहेत, त्यातली मधली तेव्हा हलायची. मी बदलून आले तेव्हा मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, हा उलटा का बांधला?" ते म्हणाले, "मॅडम, तपासणीला येणारे साहेब ऑफिसात येतात. वर्गात कोण जातं?" मी म्हटलं, खरंच की, मला कसं सुचलं नाही.

मी मूळची सापगावची. माहेरी भातशेती, सासर शहापुरात. बापाला या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय, त्यामुळे माझा आवाज मोठा. नवरा म्हणतो, तुला फोनची गरज नाही, खिडकी उघडून बोललीस तरी मुरबाडला ऐकू जाईल. जाऊ दे. हा आवाज पुढे गोष्टीत येणार आहे म्हणून सांगितलं.

शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, असं कागदावर. सर आठवड्यातले चार दिवस मुरबाडला मीटिंगला, म्हणून चारही वर्ग माझ्याकडे, एकाच खोलीत. सर वाईट माणूस नाही हो. फक्त त्यांना कुठल्याही गोष्टीची जबाबदारी आपल्यावर येईल याची इतकी भीती, की पंख्याचं बटणसुद्धा ते एखाद्या पोराला दाबायला सांगतात.

शाळेला लागून करवंदीच्या काट्यांचं कुंपण आहे. कुंपणापलीकडे वीसेक पावलांवर पाड्यातलं पहिलं घर. तिथली बाई आमच्या शाळेत खिचडी शिजवते. तिला शेत नाही, नवरा मजुरीला भिवंडीकडे गेला तो वर्षातून दोनदा तोंड दाखवतो. आणि तिला एक मुलगी. जन्मताना श्वास अडकला म्हणून तिचे पाय धरत नाहीत, हात थरथरतात, आणि बोलणं एकेक अक्षर ओढत येतं. डोकं मात्र लख्ख. तिची आई सकाळी तिला ओटीवर खांबाला टेकवून बसवायची आणि आमच्या शेडमध्ये चूल पेटवायला यायची. पोरगी दिवसभर तिथे बसून कोंबड्यांना शिव्या द्यायची. काय एकेक शिव्या! बोलायला वेळ लागायचा, पण शिवी पूर्ण झाल्याशिवाय सोडायची नाही.

ती सहा वर्षांची झाली त्या जूनमध्ये आई हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "बाई, माजी पोर पन घ्या ना शाळंत. तिला सगला समजतं. वटीवर बसून आयकते ती."

मी तिला सरांकडे नेलं. सरांनी पट काढला, बोटांवर मोजलं, परत मोजलं. त्या वर्षी आमची संख्या अगदी काठावर होती. एक पोर कमी झालं असतं तर दोनातला एक शिक्षक जास्तीचा ठरला असता, आणि जास्तीचा म्हणजे मी, कारण मी नवी. मग माझी रवानगी कुठे? उंबरमाळीच्या वरच्या अंगाला, डोंगरात, जिथे शहापूरहून रोज जाऊन येणं म्हणजे घरच्यांना फक्त झोपेत बघणं.

सर म्हणाले, "नाव घाला."

आईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ती चुलीकडे गेल्यावर सरांनी वाक्य पूर्ण केलं. "नाव घाला, मॅडम. मुलगी घालू नका."

मग त्यांनी कारणं सांगितली. पायऱ्यांवरून पडली तर? शू-शी लागली तर कोण नेणार? फिट आली तर? बाकीच्या आयांनी तोंड वाकडं केलं तर? आणि प्रत्येक कारणाच्या शेवटी, "जबाबदारी कोणाची?" फिट तिला कधी आलीच नव्हती, पण ते असो.

सरांना नावं ठेवून माझी सुटका होणार नाही, म्हणून त्या दिवशी मी काय केलं तेही लिहिते. मी मान हलवली. चार वर्ग, एक खोली, त्यात ही, असा हिशेब मनात केला. पट वाचला, नोकरीचं ठिकाण वाचलं, आणि कोणाची शू काढावी लागली नाही. आईला सांगितलं, "सध्या घरीच राहू दे, थोडी मोठी झाली की बघू." ती म्हणाली, "बरा." तिची खिचडीची नोकरी सरांच्या हातात होती. ती दुसरं काय म्हणणार होती?

तर असं तिचं नाव हजेरीपटात चढलं, नंबर सतरा.

आता हजेरीचं ऐका. आमच्याकडे हजर पोराला निळी तिरकी रेघ आणि गैरहजर पोराला लाल शाईने "गै". मी नंबर पुकारायचा, पोरांनी "हजर बाई" म्हणायचं. पहिल्या दिवशी मी आपली खणखणीत आवाजात पुकारत चालले. पंधरा, हजर बाई. सोळा, हजर बाई. सतरा म्हटलं आणि जीभ चावली. पुढचा नंबर घ्यायला तोंड उघडलं तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

"ह... ज्ज... र!"

वर्ग खो खो हसला. मी खिडकीतून पाहिलं. ओटीवर पोरगी मान ताठ करून बसली होती, तिला बहुतेक आईने नंबर सांगून ठेवला होता. मी निळी रेघ मारली. मनात म्हटलं, हजर म्हणाली ना स्वतःच्या तोंडाने? मग खोटं कुठे लिहिलं मी?

बघा, माणसाला पळवाट हवी असली की ती किती पटकन सापडते! माझी तर वीस पावलांवर खांबाला टेकून बसली होती.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. रोज साडेदहाला मी सतरा म्हणायचे आणि कुंपणापलीकडून उत्तर यायचं. पाऊस पत्र्यावर तडतडत असला तर पोरं खिडकीशी जाऊन ओरडायची, "गो, तुजा नंबर आला!" ती दोनदा ओरडायची. तिला ताप असला तरी ओरडायची. पाड्यातली बाकीची पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर निघून जायची, गावातली पोरं हळदीला, जत्रेला, मामाकडे जायची, आणि त्यांच्या पुढे लाल गै, गै, गै. सतरा नंबरची ओळ मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी. जी शाळेत येत नव्हती तिच्याइतकं नियमित शाळेत दुसरं कोणी नव्हतं. सर नाहीत, मीही नाही.

मधल्या काळात माझं शिक्षण झालं. मुरबाडला समावेशित शिक्षणाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं, सरांनी मला पाठवलं. हॉल दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आमच्यात एक पोलिओ झालेले गुरुजी होते, ते कुबडी एका हातात आणि कठडा दुसऱ्या हातात धरून वर आले तेव्हा पडद्यावर पहिलं पान झळकत होतं: अडथळामुक्त वातावरण. गुरुजी घाम पुसत बसले आणि त्यांनी वहीत ते उतरवून घेतलं. दोन दिवस आम्ही गट पाडले, तक्ते रंगवले, डोळ्यांना रुमाल बांधून एकमेकांना पाणी पाजलं. शेवटी मला प्रमाणपत्र मिळालं. ते सरांनी ऑफिसात लावलं, रॅम्पवरून वर आलं की समोर दिसेल असं. त्या दिवसापासून मी आमच्या शाळेची समावेशित शिक्षणाची तज्ज्ञ. आणि सतरा नंबर ओटीवरच.

एक गोष्ट मला त्या काळात कधी सुचली नाही. पोरीची आई दिवसभर आमच्याच शेडमध्ये असायची, वर्गापासून दहा पावलांवर. शू-शी कोण काढणार म्हणून आम्ही एवढे चिंतेत होतो, आणि ती काढणारी बाई आम्हालाच खिचडी वाढत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते आमच्याच शाळेवरून पडलं असावं.

पोरगी तिसरीत गेली, म्हणजे तिचं नाव गेलं. त्या वर्षी जानेवारीत वरून फर्मान आलं. ज्या मुलांची हजेरी शंभर टक्के असेल त्यांचा सव्वीस जानेवारीला सत्कार करायचा, नावं ताबडतोब कळवा. ताबडतोब म्हणजे त्याच दिवशी दुपारपर्यंत. सर मुरबाडला होते, त्यांनी तिथूनच फोन केला. "मॅडम, हजेरीत पूर्ण निळी ओळ कोणाची? फक्त नंबर सांगा, माझ्याकडे यादी आहे."

मी चौथीच्या भागाकाराला वैतागले होते. हजेरी उघडली, बोट फिरवलं आणि म्हटलं, "सतरा."

सरांनी सतरा लिहिलं. यादीतून नाव उतरवलं, नावापुढच्या रकान्यात दिव्यांग असं होतं तेही प्रामाणिकपणे उतरवलं, आणि कागद देऊन टाकला. एवढा प्रामाणिकपणा त्यांनी आयुष्यात एकदाच केला आणि तोच अंगाशी आला.

दोन दिवसांनी फोन. शिक्षण खात्याचे साहेब स्वतः येणार. तालुक्यात एवढ्या शाळा, पण चालता न येणारी मुलगी आणि वर्षभरात एक दिवस चुकली नाही, अशी शाळा एकच. साहेबांना तिच्या हातात बक्षीस द्यायचं होतं, तिच्याशी दोन शब्द बोलायचे होते, फोटो काढायचा होता.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. रॅम्पच्या कठड्याला धरून उभे होते बिचारे. मी म्हटलं, "सर, खरं सांगून टाकू या." ते म्हणाले, "काय सांगणार? अडीच वर्षांच्या निळ्या रेघा कोणाच्या हातच्या आहेत, मॅडम?"

मी हजेरी मिटून काखेत घातली.

"आठ दिवस आहेत," सर म्हणाले. "तिला शाळेची सवय लावा."

आणि मग काय चमत्कार झाला म्हणता! अडीच वर्षं जे होणं शक्य नव्हतं ते दीड दिवसात झालं. हलणारी पायरी सरांनी गवंडी आणून बसवून घेतली. पायऱ्यांवर टाकायला सरपंचांच्या गोठ्यातली रुंद फळी आली. पोरगी बसेल कशी, तर एक प्लास्टिकची खुर्ची, तिचे पाय कापून बुटके केले, पाठीला दोन उशा, कमरेला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी. शूचं कसं? पोरीने सांगायचं, चौथीतल्या एकीने शेडकडे तोंड करून "मावशेऽ" म्हणायचं, आई येऊन न्यायची. सगळ्या आयांनी तोंड वाकडं करण्याचं जे ठरलं होतं ते कोणी केलंच नाही. एक जण म्हणाली, "कवापासून म्हनत होतो आमी, ती पोर तिकडं एकटी का बसते?"

पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली. सतरा म्हटलं. समोरच्या ओळीत, माझ्यापासून दोन हातांवर बसलेली ती पोरगी छाती भरून ओरडली, "ह... ज्ज... र!" खिडकीवरचं पाखरू उडालं. शेजारची पोरगी, नंबर सोळा, कानावर हात ठेवून म्हणाली, "हळू बोल गो! तू आतच हायस."

तिला हळू बोलायची सवय कुठून असणार? आजपर्यंत तिची हजेरी काटे ओलांडून यायची.

वर्ग हसला, ती पण हसली. मी पटकन अठरा म्हटलं.

ते आठ दिवस ती काही देवीसारखी बसली नाही बरं का. सोळा नंबरला चिमटे काढले. पहिलीतल्या एकाला अशी शिवी दिली की तिचा अर्थ मला शहापूरला घरी येऊन नवऱ्याला विचारावा लागला. पाढे तिला ऐकून ऐकून येत होते, पण सातच्या पाढ्यात ती रोज तीच चूक करायची, कारण अडीच वर्षं पोरांनी तीच चूक मोठ्याने म्हटली होती. अक्षरं एकही येत नव्हती. अक्षरं कुंपणापलीकडे ऐकू येत नाहीत. मी तिच्या हाताला धरून पाटीवर ग काढायला शिकवलं, तीन दिवस लागले, ग कसला, भाताच्या पेंढ्यासारखा दिसत होता. ती पाटी तिने कोणाला पुसू दिली नाही.

सव्वीस जानेवारी उजाडली. झेंडा झाला, भाषणं झाली. साहेब रॅम्पवरून ऑफिसात गेले, माझं प्रमाणपत्र वाचलं, बाहेर आले. पोरगी खुर्चीत, नवा गणवेश, दोन वेण्या. बक्षीस सरांनीच आणलं होतं, पांढरे कॅनव्हासचे बूट. रोज चालत शाळेत येणाऱ्याला बूट द्यावेत, असं त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, बदलायचं सुचलं नाही. कोणालाही काही वाटलं नाही. पोरीला तर इतका आनंद झाला की तिने ते तिथेच घालून घेतले.

साहेबांनी माईक तिच्यापुढे धरला. "बाळ, शाळेत रोज येतेस? सांग सगळ्यांना."

सरांनी डोळे मिटले. शेडच्या दारात आई झारा धरून उभी होती.

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मग एकेक शब्द ओढत माईकमध्ये म्हणाली, "मी... येत... नाय. मी... वटीवरनं... हजर... म्हनते."

तिला ओळखणाऱ्या प्रत्येकाला ते कळलं. पोरांना कळलं, आईला कळलं, सरांना तर फारच कळलं. साहेबांना कळलं नाही. ते हसत माझ्याकडे वळले. "काय म्हणते, मॅडम?"

मी तज्ज्ञ होते ना. मी म्हटलं, "साहेब, म्हणते, मला शाळा फार आवडते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटो निघाले. साहेब पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, अशा मुलांकडून आपण शिकायला हवं. पोरगी टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्याकडे आयुष्यात पुष्कळांनी रागाने पाहिलंय, सासूने, साहेबांनी, पोरांच्या बापांनी. त्यांचं मला काही वाटलं नाही. तिचं ते बघणं अजून मला लागतं.

दुपारी पातेली घासताना आईने विचारलं, "बाई, उद्या आनू का तिला?"

मी सरांना विचारलं. सरांनी फळी गोठ्यात परत पाठवली होती. म्हणाले, "आता कार्यक्रम झाला ना, मॅडम? कशाला उगाच जबाबदारी?" मी येऊन आईला सांगितलं, थोडे दिवस घरीच राहू दे. ती म्हणाली, "बरा," आणि पातेलं घासत राहिली. तळ स्वच्छ झाला होता तरी घासत राहिली.

सत्तावीस तारखेला मी हजेरी घेतली. पंधरा, हजर बाई. सोळा, हजर बाई.

"सतरा."

काही नाही.

मी परत म्हटलं, सापगावच्या बांधावरचा आवाज लावून. "सतरा!"

पोरं खिडकीकडे धावली. मीही उठले. ओटीवर ती होती की. नेहमीच्या खांबाला टेकून, गणवेश घालून, वेण्या घालून, पायात पांढरे बूट. आमच्याकडेच बघत होती. पोरं ओरडली, "गो, नंबर आला तुजा! बोल की!" तिने तोंड घट्ट मिटलं. इतकं घट्ट की हनुवटी थरथरत होती.

मी जागेवर येऊन बसले. निळं पेन हातात होतं. अडीच वर्षांत एवढ्या रेघा मारल्या, अजून एक मारायला काय जात होतं? पण हात चालेना. मला राग आला. त्या पोरीचा आला, सरांचा आला, साहेबांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझाच. मी पेटीतून लाल पेन काढलं आणि सतरा नंबरपुढे "गै" लिहिलं.

सर नेमके त्या दिवशी शाळेत होते. फोटो निवडत होते. हजेरी बघून ते खुर्चीतून उठले. "मॅडम, सतराला गै? कालच बक्षीस दिलं आणि आज गै?"

"ती बोलली नाही, सर."

"बोलली नाही म्हणून काय झालं? लिहायचं आपलं."

"नाही लिहायचं," मी म्हटलं. माझा आवाज मुरबाडला गेला असावा. "आजही गै, उद्याही गै. साहेबांनी विचारलं तर सांगा तुम्ही, बूट दिल्यावर पोरगी शाळेत यायची बंद का झाली ते."

आणि मी कुंपणाच्या खिंडीतून पलीकडे गेले. साडी काट्यांना अडकून फाटली, नवी होती, सव्वीस जानेवारीसाठी घेतलेली. ओटीवर तिच्यासमोर उकिडवी बसले. म्हटलं, "काय गो, आज का नाही बोललीस?"

तिने आधी पायातल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाई... तू... खोटा... सांगलास."

पाड्यावर सगळ्यांनाच अरे-तुरे, त्याचं काही नाही. पण ते वाक्य मला "तुमी" म्हणून कोणी सांगितलं असतं तर इतकं लागलं नसतं.

"हो," मी म्हटलं. "खोटं सांगितलं."

"शाला... आवडते... मला," ती म्हणाली. "पन मी... ते... नव्हती... म्हनली."

"चुकलं माझं. आता बोलशील?"

तिने दोन्ही थरथरते हात वर केले, उचलून घ्यायला सांगतात तसे. "आत... न्हे. मग... हजर."

आठ वर्षांची पोरगी, अंगाने हलकी, पण ताठ झालेले पाय सांभाळत तिला काट्यांतून आणताना माझी कंबर लचकली ती अजून दुखते. तिची आई शेडमधून झारा टाकून धावली, पण तिने पोरगी माझ्याकडून घेतली नाही. नुसती बाजूने चालत राहिली. पायऱ्यांशी सर उभे होते. म्हणाले, "मॅडम, जबाबदारी..."

"माझी," मी म्हटलं. "कागदावर लिहून देते. सरा बाजूला."

ते सरले. तेवढ्यात चार पोरं गोठ्यातून फळी ओढत आणत होती. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

खुर्चीत बसवल्यावर मी धापा टाकत म्हटलं, "सतरा." तिने आधी सोळा नंबरकडे पाहिलं, मग अगदी हळू, आतल्या माणसासारखी म्हणाली, "हजर... बाई."

सोळा नंबरने हजेरीत डोकं घातलं. "बाई, हिच्यापुढं लाल हाय."

"असू दे," मी म्हटलं. "हजेरीत खाडाखोड चालत नाही."

त्या दिवसानंतर ती रोज येते. एकदा खुर्चीतच शू झाली, कोणी मेलं नाही, वर्ग पुसला. सर अजून फळीकडे बघतात आणि उसासा टाकतात. चौथीनंतरची शाळा तीन किलोमीटरवर आहे, तिथेही म्हणे रॅम्प फार सुंदर आहे. ते पुढचं भांडण, त्यासाठी मी आवाज राखून ठेवलाय.

एप्रिलमध्ये तेच साहेब तपासणीला आले. रॅम्पवरून ऑफिसात गेले, हजेरी तिथेच मागवली. वर्गात कोण जातं? भिंतीपलीकडून पोरं पाढे म्हणत होती, त्यात एक आवाज बाकीच्यांपेक्षा मागून येत होता आणि सातच्या पाढ्यात चुकत होता. साहेबांनी सतरा नंबरच्या निळ्या ओळीवरून बोट फिरवलं, ते जानेवारीच्या लाल अक्षराशी थांबलं.

"ही आपली बक्षीसवाली ना? सत्कार झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गैरहजर?"

"त्या दिवशी ती आली होती साहेब," मी म्हटलं.

"मग गै कसं?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, तुम्ही प्रशिक्षण घेतलेल्या. इतक्या जिद्दीच्या मुलीची हजेरी अशी चुकीची मांडायची? अन्याय आहे हा. खुलासा लिहून द्या."

मी खाली मान घालून तिथेच खुलासा लिहिला. नजरचुकीने एक दिवस गैरहजेरी मांडली गेली, क्षमस्व. साहेबांनी तो वाचला, फाईलला लावला. अडीच वर्षांच्या निळ्या रेघांचा खुलासा त्यांनी मागितला नाही.